मुळे वास्तव नाहीत

दिवाळी अंकात गणितावर लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात चकली-करंजीच्या शेजारी कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना तसे म्हटलेही. ते हसून म्हणाले, "तुम्ही वाढा तर खरे! कारल्याच्या काचऱ्या नीट कुरकुरीत झाल्या, तर लोक चकलीच्या आधी त्याच उचलतात." तेव्हा, वाचकहो, या काचऱ्या आहेत. कडू लागल्या तर दोष माझ्या हाताचा समजा, गणिताचा नव्हे.

गोष्ट गेल्या दिवाळीची. माझी नात सुट्टीत आमच्याकडे आली होती. पोर दहावीला; तेव्हा कपड्यांच्या पिशवीपेक्षा पुस्तकांची पिशवी जड. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, फटाक्यांचा धूर विरला, आणि ती वही घेऊन ओसरीवरच्या झोपाळ्यावर जाऊन बसली. हा झोपाळा माझ्या वडिलांच्या वेळचा. सागवानी पाट, आठ फुटी पितळी कड्या, आणि कुरकुर अशी, की झोपाळ्यावर कोण बसले आहे हे स्वयंपाकघरातल्या माणसाला न बघता कळावे! एक पाय जमिनीला टेकवून हलके हलके झोके घेत नात वर्गसमीकरणे सोडवू लागली. मी समोर आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. वाचीत होतो असे मात्र म्हणवत नाही. ज्याने छत्तीस वर्षे पोरांच्या वह्या तपासल्या, त्याचे लक्ष समोरच्या वहीवरून हलत नसते.

एवढ्यात ती म्हणाली, "झालं!"

"इतक्यात?"

"हे सगळ्यात सोपं असतं, आजोबा. एका ओळीत संपतं."

मी वही मागून घेतली. गणित होते, क्ष² − ४क्ष + १३ = ०. (तिच्या वहीत क्षच्या जागी इंग्रजी अक्षर होते, पण आमची हयात क्षच्या संगतीत गेली, तेव्हा मी क्षच लिहितो.) खाली तिने विवेचक काढला होता : १६ वजा ५२, म्हणजे उणे ३६. आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात, दोन रेघा ओढून : 'विवेचक ऋण आहे, म्हणून मुळे वास्तव नाहीत.'

माझ्या तोंडून सहज निघून गेले, "मग आहेत कुठे?"

"कुठे म्हणजे? नाहीत!" असे म्हणून तिने पान उलटले.

पान तिने उलटले. माझे मात्र उलटेना. कारण ते वाक्य माझेच होते. खानदेशातल्या एका शाळेत १९६४ पासून २००० पर्यंत मी गणित शिकवले. 'मुळे वास्तव नाहीत' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, याचा हिशेब माझ्यापाशी नाही. मलाही ते गणित फार आवडे. वर्गसमीकरण सोडवणे म्हणजे काय, तर ज्या आकड्याने समीकरण जुळते तो आकडा हुडकून काढणे. त्याचे मूळ शोधणे. आता मुळे कशी सापडणार, हे विवेचक आधीच सांगून टाकतो. विवेचक धन असला तर मुळे दोन. शून्य असला तर दोन्ही एकसारखी. आणि ऋण असला तर खडू खाली ठेवा आणि हात झटका! तास संपायला पाच मिनिटे उरली असली, की मी हटकून तिसऱ्या प्रकारातले गणित घालीत असे.

यात मास्तरांची लबाडी होती असे मात्र समजू नका. पाठीशी थोरांचा आधार होता. धनाला धनाने गुणले तर धन येते. ऋणाला ऋणाने गुणले तरी धनच येते. मित्राचा मित्र तो मित्र, आणि शत्रूचा शत्रू तोही मित्र, असे आम्ही पोरांना घोकून घेत असू. मग ज्या आकड्याला त्याच आकड्याने गुणले असता ऋण यावे, असा आकडा आणणार कोठून? राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त हेच सांगून ठेवले आहे : ऋण संख्या कोणाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. पुढे तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'त तोच निवाडा दिला. आणि भास्कराचार्य तर आमच्या मुलखाचे! चाळीसगावजवळ पाटणला डोंगराच्या कुशीत देवीचे देऊळ आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने तिथे मठ स्थापला, असे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख त्या देवळात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. शाळेची सहल दर दोन-चार वर्षांनी तिथे जाई, आणि त्या शिळेपुढे उभा राहून मी मोठ्या अभिमानाने पोरांना सांगे, "ऋणाला मूळ नाही हे या माणसाने ११५० साली सांगितले." पोरे माना डोलवीत आणि माकडांकडे बघत.

सगळ्यांनी माना डोलावल्या, एकाने नाही. त्याची गोष्ट आजवर मी कोणाला सांगितली नव्हती.

साल १९७८. सहामाही परीक्षेचे तपासलेले पेपर मी वर्गात वाटीत होतो. तिसऱ्या बाकावर एक किडकिडीत मुलगा बसे. वडील रेल्वेत पॉइंट्समन. हुशार म्हणून त्याची ख्याती नव्हती. उनाड म्हणूनही नव्हती. अशा मुलांची नावे मास्तरांना उशिरा पाठ होतात. त्या परीक्षेत मी हेच गणित घातले होते, क्ष² − ४क्ष + १३ = ०. तीन गुणांचे. बाकीच्या पोरांनी विवेचक काढून, ठरलेले वाक्य लिहून, दोन रेघा मारल्या होत्या. हा पठ्ठ्या थांबलाच नाही. उणे ३६ चे वर्गमूळ म्हणजे ६ गुणिले उणे १ चे वर्गमूळ, असे त्याने लिहिले. ते सूत्रात घातले. दोनाने भागले. आणि उत्तर काढले : २ अधिक ३√−१, आणि २ उणे ३√−१. एवढ्यावरही राहिला नाही. खाली बारीक अक्षरात 'ताळा' असे लिहून त्याने सारा गुणाकार मांडला होता.

मी त्या सगळ्यावर तांबड्या शाईची एक तिरपी रेघ ओढली होती, समासात 'ही संख्या नाही' असा शेरा लिहिला होता, आणि गुण दिला होता शून्य. ठरलेले वाक्य त्याने लिहिले नव्हते ना!

पेपर हातात घेऊन तो जागच्या जागी उभा राहिला. म्हणाला, "सर, ही संख्या नाही, तर मग ताळा कसा जमतो?"

वर्ग गप्प झाला. मी म्हणालो, "ताळा घ्यायला आधी आकडा लागतो. जो नाहीच, त्याचा ताळा कसला घेतोस? हवेचे लाडू वळतोस काय? बस खाली!"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. त्याने पेपराची चौघडी घातली, ती कंपासपेटीत ठेवली, आणि तो खाली बसला. त्या वर्षी पुन्हा त्याने मला काही विचारले नाही. पुढच्या जूनमध्ये वडिलांची बदली झाली आणि हजेरीपटावरून त्याचे नाव कमी झाले.

तुम्ही म्हणाल, यात एवढे काय झाले? रोज शंभर शाळांतून असे घडत असेल. खरे आहे. पण माझी बोच निराळी आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येत होते! न येणाऱ्या मास्तराला मी क्षमा करीन. तो बिचारा अडाणी. मी बी.एस्सी.ला गणित घेतले होते. संमिश्र संख्या नावाचे अख्खे प्रकरण मी शिकलो होतो, त्यावर परीक्षा दिली होती, उत्तीर्ण झालो होतो. त्या मुलाने जे लिहिले ते अक्षरशः बरोबर होते. शिक्षकांच्या खोलीत चहाची बशी तोंडाला लावता लावता मी मनातल्या मनात तो ताळा घेतला, आणि तो जमत होता. मग तसे बोललो का नाही? मनाशी कारणे पुष्कळ जुळवली : तास चाळीस मिनिटांचा, पोरे साठ, अभ्यासक्रम तुंबलेला, आणि हा भाग शाळेच्या पुस्तकात नाही. सगळी कारणे खरी. पण खरे कारण ते नव्हे. तांबडी रेघ ओढून झाली होती आणि साठ पोरे बघत होती. ओढलेली रेघ पुसायची लाज वाटली, हे ते कारण.

आणि गंमत अशी, की ज्या वाटेने तो पोरगा एकटा गेला, त्याच वाटेने मोठमोठे लोक चाचपडत गेले होते. इटलीत कार्डानो म्हणून एक वैद्य होऊन गेला. वैद्यकी, ज्योतिष, जुगार आणि गणित अशा चार दगडांवर त्याचे पाय! १५४५ साली 'आर्स मॅग्ना' या ग्रंथात त्याने एक कोडे घातले : दहाचे असे दोन भाग करा, की त्यांचा गुणाकार चाळीस यावा. तुम्ही करून पाहा. सहा नि चार घेतले तर चोवीस. पाच नि पाच घेतले तर पंचवीस. याहून पुढे गुणाकार जातच नाही. चाळीस होणे शक्य नाही. कार्डानोलाही ते कळत होते. तरी तो रीतीने पुढे गेला आणि उत्तर काढले : पाच अधिक उणे पंधराचे वर्गमूळ, आणि पाच वजा उणे पंधराचे वर्गमूळ. यांची बेरीज करा : मुळे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि राहतात दहा. गुणाकार करा : पंचवीसमधून उणे पंधरा वजा, म्हणजे चाळीस! ताळा जमला. पण या सूक्ष्मपणाचा उपयोग काही नाही, असे म्हणून कार्डानोने त्याचा नाद सोडला.

तो पुढे चालवला बोलोन्याच्या राफाएल बॉम्बेलीने. हा पेशाने इंजिनियर. दलदलीतले पाणी काढून जमीन कसण्याजोगी करणे हे त्याचे काम. १५७२ साली त्याचा बीजगणितावरचा ग्रंथ निघाला. त्यात एक घनसमीकरण आहे : क्ष³ = १५क्ष + ४. याचे उत्तर चार, हे शाळेतले पोरही सांगेल. चाराचा घन चौसष्ट. आणि पंधरा चोक साठ, अधिक चार, म्हणजे चौसष्ट. पण घनसमीकरण सोडवण्याचे जे सूत्र होते ते लावायला जावे, तर वाटेत उणे १२१ चे वर्गमूळ आडवे येई. बॉम्बेली दलदलीला भिणारा माणूस नव्हता. तो पाय रोवीत पुढे गेला. एका बाजूने २ अधिक √−१ निघाले, दुसऱ्या बाजूने २ उणे √−१. दोहोंची बेरीज केली, आणि दलदलीपलीकडे खणखणीत चार उभे! आरंभी कोरडी जमीन, शेवटी कोरडी जमीन; मधली वाट तेवढी त्या 'नसलेल्या' संख्यांतून गेलेली. १६३७ साली देकार्तने या मुळांना 'काल्पनिक' हे नाव दिले, आणि ते त्यांच्या कपाळी कायमचे बसले.

हे सारे मला त्या दिवशी वर्गात पाच मिनिटांत सांगता आले असते. नाही सांगितले.

तर, वाचकहो, नातीने पान उलटले तेव्हा हे सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी म्हणालो, "ते मागचे पान काढ बघू. आणि 'नाहीत' म्हणतेस ना, त्यांचा ताळा घे."

"ज्याला उत्तरच नाही त्याचा ताळा कसा घेऊ?"

कानशिलात बसावी तसे झाले! वाक्य माझेच होते. फक्त हवेचे लाडू तेवढे राहिले होते. मी तिला म्हणालो, "घटकाभर असे धर, की उणे एकचे वर्गमूळ म्हणून काहीतरी आहे. ते काय आहे हे विचारू नकोस. त्याचा वर्ग केला की उणे एक येतो, एवढेच लक्षात ठेव. आता मूळ लिही, २ अधिक ३√−१."

तिने लिहिले. मग वर्ग केला. दोनाचा वर्ग चार. दोनदा दोन गुणिले तीन, म्हणजे १२√−१. आणि ३√−१ चा वर्ग म्हणजे नऊ गुणिले उणे एक, उणे नऊ. एकूण उणे पाच, अधिक १२√−१. आता त्यातून मुळाची चौपट वजा करायची : ८ गेले आणि १२√−१ गेले. बारा आले होते, बारा गेले! उरले उणे तेरा. त्यात समीकरणातले तेरा मिळवले.

झोपाळा थांबला. "आजोबा, शून्य आलं!"

"येणारच."

"मग 'नाहीत' असं का लिहायचं?"

सत्तेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा माझ्या दारात उभा राहिला होता, आणि या खेपेला ओसरीवर हसायला साठ पोरे नव्हती. मी म्हणालो, "वाक्य नीट वाच. मुळे नाहीत असे ते म्हणतच नाही. मुळे *वास्तव* नाहीत असे म्हणते. आम्ही मास्तर लोक मधला शब्द गिळतो, आणि तुम्ही पोरे तो ऐकत नाही."

मग मी तिला अंगणात उभे केले. "कवायतीत 'पीछे मुड' म्हटले की काय करतेस?" ती गर्रकन मागे वळली. "हे उणे एक. पूर्वेला तोंड होते, ते पश्चिमेला झाले. आता मला सांग, अशी कोणती आज्ञा आहे, की जी दोनदा दिली असता 'पीछे मुड' होते?" ती क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "बायें मुड!" झाले! उणे एकचे वर्गमूळ ते हेच. पूर्व-पश्चिम रेघेवर चालणाऱ्या माणसाला ते सापडत नाही, कारण ते रेघेवर नाहीच. ते उत्तरेला आहे. ही गोष्ट प्रथम कागदावर मांडली ती कास्पर वेसेल या माणसाने, १७९७ साली डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीपुढे. हा वेसेल जमिनीची मोजणी करणारा होता. शेताच्या बांधावर उभा राहून चारी दिशांना बघायची ज्याला सवय, त्याला हे सुचावे हे मला मोठे योग्य वाटते. त्याच्या निबंधाकडे पुढची शंभर वर्षे कोणी फारसे पाहिले नाही, ही गोष्ट निराळी. मास्तर सगळीकडे सारखेच!

नात म्हणाली, "पण मग ते दोन आणि तीन म्हणजे काय?"

मी तिला आलेख काढायला लावला. या समीकरणाचा आलेख म्हणजे पाळण्याच्या झोळीसारखी एक कमान. तोंड वर, बूड खाली. मुळे वास्तव असली की झोळी जमिनीच्या रेघेला दोन जागी छेदून खाली उतरते. आमच्या समीकरणाची झोळी जमिनीला टेकतच नाही. ती हवेत लोंबते. तिचे बूड कोठे आहे? क्ष जिथे दोन आहे, बरोबर त्या जागेच्या वर. किती उंचीवर? नऊ. आणि नवाचे वर्गमूळ तीन. २ अधिक-उणे ३√−१! झोळी कोठे टांगली आहे हे दोनाने सांगितले, किती उंच आहे हे तीनाने सांगितले. आणि आपण काय लिहितो? 'टेकत नाही.' वाक्य खोटे नव्हे. पण घर विचारत आलेल्या पाहुण्याला 'ते तळमजल्यावर राहत नाहीत' एवढेच सांगून दार लावावे, तशातला प्रकार!

पण तिला खरी मौज वाटली ती झोपाळ्याची. मी म्हणालो, "तू ज्याच्यावर बसली आहेस ना, तेही एक वर्गसमीकरणच आहे." झोपाळ्याच्या बाबतीत तीन गोष्टी येतात. एक त्याचा जडपणा. त्याला समीकरणातला अ म्हणा. दुसरी हवेची आणि कड्यांच्या घासण्याची अडवणूक, ती ब. तिसरी त्याला मधल्या जागेकडे खेचणारी ओढ, ती क. झोके हलके असले, तर या तिघांचे वर्गसमीकरण मांडावे आणि विवेचक काढावा. अडवणूक थोडी असल्यामुळे ब चा वर्ग लहान पडतो, ४अक मोठे होतात, आणि विवेचक ऋण येतो. मुळे वास्तव नाहीत! आणि म्हणून झोपाळा पुढे जातो, मागे येतो. मुळाचा वास्तव भाग सांगतो, झोका किती लवकर विझणार. आणि काल्पनिक भाग सांगतो, हेलकावे किती जलद. आमच्या आठ फुटी कड्यांचा झोपाळा जाऊन परत यायला सुमारे तीन सेकंद घेतो; ते तीन सेकंद त्या काल्पनिक भागातून निघतात.

"आणि मुळे वास्तव निघाली तर?" तिने विचारले.

"तर हाच झोपाळा गुऱ्हाळातल्या काकवीच्या काहिलीत बुडवून टांगला आहे असे समज. बाजूला ओढून सोडला, तर रांगत रांगत मध्यावर येईल आणि गप्प राहील. एकदासुद्धा पलीकडे जायचा नाही. ज्या झोपाळ्याची मुळे वास्तव, तो झोपाळा झुलत नाही, बाळ."

ती इतकी हसली, की कड्या खणखणल्या. मी पुढे तिला सांगितले, की घराघरात येणारी वीजही सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि तिचा हिशेब या संख्यांनी कसा सोपा होतो हे १८९३ साली अमेरिकेत स्टाइनमेट्झ या इंजिनियराने दाखवून दिले. अणूच्या पोटातल्या घडामोडींचे श्रोडिंजरने १९२६ साली मांडलेले समीकरण तर √−१ घेऊनच सुरू होते. कार्डानोने निरुपयोगी म्हणून सोडलेली वस्तू! पण माझे तिकडे लक्ष नव्हते. कंपासपेटीत घातलेली ती चौघडी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या मुलाचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. तो मोठा इंजिनियर झाला आणि एक दिवस पाया पडायला आला, असे मला लिहिता आले असते तर लेखाचा शेवट गोड झाला असता. तसे काही झाले नाही. तो कोठेतरी असेल. आता साठीपलीकडे गेला असेल. आपला ताळा बरोबर होता, हे त्याला पुढे कोणी सांगितले की नाही, कोण जाणे.

ही हकीगत मी नातीला सांगितली तेव्हा आमची सौभाग्यवती चकल्यांचा डबा घेऊन दारात उभी होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "अहो, तीन मार्क दिले असते तर ते काय तुमच्या पगारातून कापणार होते?" पन्नास-पंचावन्न वर्षांच्या संसारात तिच्या पुष्कळ प्रश्नांना मी उत्तरे दिली आहेत. याला दिले नाही.

नात पुन्हा वहीकडे वळली. थोडा वेळ पेन्सिल चावून म्हणाली, "पण आजोबा, परीक्षेत काय लिहू?"

मास्तरांची खरी परीक्षा ती इथे! मी म्हणालो, "परीक्षेत लिही, 'मुळे वास्तव नाहीत.' तेच बरोबर आहे, आणि तेवढेच विचारले आहे. अकरावीत गेलीस की पुढचे विचारतील. फक्त ते लिहून झाल्यावर आत्ताच्यासारखे फाडकन पान उलटू नकोस."

"बरं," ती म्हणाली. मग वही माझ्यापुढे धरून, "तपासून द्या ना!"

कितीतरी वर्षांनी मी तांबडे पेन हातात घेतले. ताळ्याच्या शेवटी शून्य होते, तिथे बरोबरची खूण केली. समासात गुण लिहिले, पाच.

ती वहीत डोकावून म्हणाली, "आजोबा, हे गणित दोनच मार्कांचं आहे! वरचे तीन कसले?"

"ते तुझे नव्हेत," मी म्हणालो. "ते ऋण आहे."